जात्याची घरघर डिलीट करू नका

मागच्या श्रावणात कानबाईसाठी गावी गेले होते. धुळ्याहून तासाभरावर आमचं गाव. रोटांचं दळण गिरणीतूनच आलं होतं, पण पहिले चार मूठ गहू जात्यावरच निघाले पाहिजेत हा आजीचा हट्ट. ती बसली, खुंटा धरला आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यालाच गायला लागली. मी मोबाईल काढून जात्याशेजारी ठेवला. साडेचार मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. म्हटलं चला, वारसा वगैरे जपून झाला आपला.

जळगावला हॉस्टेलवर परत आले, हेडफोन लावून ऐकलं, तर जातं गायब! नुसता आजीचा आवाज, तोही विहिरीत बसून गायल्यासारखा. शब्दांची टोकं कुरतडलेली. मध्येच एक-दोन सेकंद काहीच नाही. आधी वाटलं फोन बिघडला. मग सेटिंग्ज उघडल्या तर रेकॉर्डरमध्ये ‘नॉइज रिडक्शन’ आपोआप चालू. हे सॉफ्टवेअर काय करतं, तर माणसाचा आवाज शोधतं. माणसाचा आवाज सारखा बदलत असतो. पंखा, मोटार, गाडीचं इंजिन यांचा आवाज एकसारखा चालू राहतो. म्हणून जे एकसारखं चालू आहे ते वजा करायचं, असा साधा हिशोब. माझ्या फोनच्या लेखी सीलिंग फॅन आणि आजीचं जातं एकच.

पुढच्या वेळी गेल्यावर आजीला ते ऐकवलं. तिने दहा सेकंद ऐकलं आणि विचारलं, “जातं कोठे गयं?”

बरोबर विचारलं तिने. जातं काढलं की ती ओवी उघडी पडते. ओवीचा ठेका कुठून येतो? दगडाच्या फेऱ्यातून. श्वास कुठे घ्यायचा, ओळ कुठे ताणायची, हे हात फिरून कुठे आला त्यावर ठरतं. दाणे जास्त पडले की जातं जड होतं आणि गाणं मंदावतं. दाणे संपत आले की दोन्ही पळायला लागतात. म्हणजे घरघर ही गाण्याच्या मागची गडबड नव्हतीच. ती साथ होती. आणि आजकाल लोकगीताचं जे काही ‘फ्यूजन’ म्हणून आपल्या कानावर घातलं जातं, त्यातलं बरंचसं माझ्या फोनसारखंच वागतं, म्हणून हा लेख.

तुमच्यापैकी काही जण आता ज्या प्रकारचं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकता, त्याबद्दल आधी बोलते. टेक्नो, इंडस्ट्रियल, ग्लिच, गॅबर, नॉइज. मुद्दाम फाटलेला आवाज, कानाला खरवडणारे सिंथ, मध्येच तुटणारी बीट, यंत्र बिघडल्यासारख्या किंकाळ्या. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, वेल्डिंगच्या दुकानाशेजारी कुणी ढोल वाजवतंय असं समजा. मी असं म्हणतेय की आपली अहिराणी गाणी, ओव्या, अगदी आपले रागसुद्धा, या खरखरीत आवाजासोबत जास्त शोभतात. मऊ गिटार, पाण्यासारखा पियानो आणि मागे हलकी बासरी अशा साजापेक्षा कितीतरी जास्त.

हे मी कॉलेजच्या कट्ट्यावर बोलले तेव्हा दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. शास्त्रीय शिकणाऱ्या मैत्रिणीचं म्हणणं, वाट लागेल. टेक्नोवाल्या मित्राचं म्हणणं, कानबाई आणि गॅबर, सिरियसली? दोघांनाही इथे सविस्तर उत्तर देतेय. कट्ट्यावर कुणी बोलू देत नाही.

आपल्याच पट्ट्यापासून सुरू करू. आपलं लोकसंगीत गोड, शांत, मातीच्या वासाचं असतं ही कल्पना बहुधा पर्यटनाच्या जाहिरातींनी आपल्या डोक्यात भरली आहे. प्रत्यक्षात ऐका. संबळ घ्या. दोन तोंडं, काठ्यांनी बडवलेली, आणि गोंधळी रंगात आला की त्या आवाजाला टोक येतं. पावरी घ्या. साक्री-पिंपळनेरकडे, पुढे नंदुरबार आणि डांगपर्यंत, डोंगऱ्यादेवाच्या रात्री पावरीवर जागतात. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, आत बांबूचीच थरथरणारी पाती. वाजवणारा श्वास तुटू देत नाही. तो आवाज मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखा असतो आणि तासन्‌तास थांबत नाही. त्याच्याभोवती माणसं फेर धरतात, कुणाच्या अंगात वारं येतं. हे गोड वगैरे अजिबात नाही. भारी आहे.

आणि माझं सगळ्यात आवडतं, थाळगान. नाशिक-धुळ्याच्या पश्चिमेच्या डोंगराळ भागात आणि डांगात कोकणा समाजात हे चालतं. काशाच्या थाळीत मधोमध मेणाने एक बारीक काडी उभी करायची. कथा सांगणारा त्या काडीवरून बोटं वरून खाली ओढत राहतो. काडीची थरथर मेणातून थाळीत उतरते आणि थाळी घुमायला लागते. एकच लांब, धातूचा, अंगावर येणारा गुंजारव. त्याच्यावर रात्रभर कथा चालते. जगातल्या मोठ्या शहरांत लोक तिकीट काढून अंधाऱ्या हॉलमध्ये ‘ड्रोन’ नावाचं संगीत ऐकायला बसतात. आपल्याकडे ते एका थाळीत, एका काडीवर, मेणाच्या गोळीवर चालत आलंय. वीजसुद्धा लागत नाही.

आता लग्नाची वरात आठवा. खान्देशी बँडची ती सजवलेली गाडी, वर भोंगे, आत कीबोर्डवाला, पॅडवाला, आणि गायकाच्या माईकला इतका इको की एक शब्द तीनदा ऐकू येतो. ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीच्या पलीकडे ताणलेला असतो, त्यामुळे आवाज फाटतो. साउंड इंजिनिअरिंगच्या पुस्तकात या फाटण्याला डिस्टॉर्शन म्हणतात, आणि तो दोष मानतात. पण आपल्या वरातीत तो दोष नसेल तर कुणी नाचणार नाही, खरं सांगा! ‘बबल्या इकस केसावर फुगे’ तुम्ही मोबाईलवर ऐकलंत आणि भोंग्यावर ऐकलंत, तर दोन वेगळी गाणी आहेत ती.

पावरीचंही तेच झालंय. धुळे-नंदुरबारकडच्या लग्नांत आता भोपळ्याची पावरी कमीच दिसते. कीबोर्डवर पावरीचा टोन तयार करून सेव्ह केलेला असतो, संबळाचा पॅडवर. त्यावर रात्रभर नाच चालतो. मी पहिल्यांदा हे जवळून ऐकलं तेव्हा वाटलं, अरे, हा तर सरळसरळ टेक्नो आहे. याला कारणही आहे. सिंथेसायझरमध्ये ‘सॉ-वेव्ह’ नावाची एक मूळ लहर असते. कागदावर काढली तर करवतीच्या दात्यांसारखी दिसते, आणि तिच्यात मूळ स्वरासोबत वरचे सगळे उपस्वर ठासून भरलेले असतात. पातीच्या वाद्यांत, म्हणजे सनई, पावरी यांच्यातही असेच भरपूर उपस्वर असतात. म्हणून पावरी सिंथवर इतकी चपखल बसते. कीबोर्डवाल्या दादाने हे पुस्तकात वाचलेलं नसणार. कानाने शोधलंय. ज्याला आपण मोठ्या शहरात ‘प्रयोग’ म्हणतो, तो आपल्याकडे हळदीच्या मांडवात पाचशे माणसांसमोर रोज होतोय, फक्त त्याचं पोस्टर निघत नाही.

टेक्नोवाल्या मित्रासाठी आता थोडं लांब जाते, इंडोनेशियात. बालीत दोघांची एक जोडी आहे, गॅबर मोडस ऑपरेंडी. गॅबर म्हणजे नव्वदच्या दशकात नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये वाढलेला, अतिवेगवान आणि फाटक्या किकचा टेक्नो. या दोघांनी तो घेतला आणि त्यात गामेलानच्या स्वरपट्ट्या, गल्लोगल्ली वाजणारं स्वस्त कीबोर्डवरचं डांगडुट, आणि जथिलान नावाच्या जावानी लोकनृत्याचं वेड ओतलं. जथिलानमध्ये नाचणारे खोट्या घोड्यावर स्वार होऊन नाचता नाचता भान हरपतात. म्हणजे आपल्याकडचं वारं येणं. २०१८ आणि २०१९ मध्ये त्यांचे अल्बम आले. २०२२ मध्ये ब्यॉर्कने तिच्या ‘फॉसोरा’ अल्बमसाठी त्यांना सोबत घेतलं. मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे, त्यांनी बालीचं पोस्टकार्ड बनवलं नाही. समुद्रकिनारा, मंदिर, मंद घंटा यातलं काही नाही. मोहल्ल्यात खरंच जे वाजतं, ज्याला तिथलीच शिकलेली माणसं नाकं मुरडतात, ते त्यांनी उचललं. कानबाई आणि गॅबर का नाही, याचं उत्तर मला तिथे सापडलं.

“पण हे सगळं परदेशी फॅड,” असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांच्यासाठी अहमदाबादची गोष्ट. जळगावहून अमळनेर, नंदुरबार करत सुरतेला जाणारी गाडी धरली की पुढे अहमदाबाद. तिथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. एकोणसत्तर! आपले बाबा तेव्हा जन्मले होते की नाही कुणास ठाऊक. १९७२ पर्यंत तिथे गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा भारतीयांनी टेपवर प्रयोग केले. यातल्या गीता साराभाई या मुळात भारतीय संगीतातल्या. चाळीसच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं होतं, बदल्यात त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या होत्या. त्या टेप नंतर कित्येक वर्षं संस्थेत तशाच पडून राहिल्या. पॉल पुर्गास या कलाकाराने त्या शोधल्या आणि २०२३ मध्ये अल्बम म्हणून त्या जगासमोर आल्या. ऐका कधीतरी. काही तुकडे आजच्या कुठल्याही नॉइज आर्टिस्टला घाम फोडतील.

मुंबईचे चरणजित सिंग तर तुम्हाला माहीत असतील. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे कलाकार. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडची तीन यंत्रं घेतली आणि एचएमव्हीसाठी डिस्को बीटवर दहा रागांची रेकॉर्ड केली. भैरवी, ललित, तोडी, मालकंस, सगळे त्यात आहेत. खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जग म्हणालं, हा तर ॲसिड हाउस! शिकागोचा ज्याला पहिला ॲसिड ट्रॅक मानतात तो १९८७ चा. म्हणजे आमचे सिंगसाहेब पाच वर्षं आधीच. आता ॲसिड हाउसचा शोध त्यांनी लावला असं मी म्हणणार नाही, शिकागोच्या पोरांना त्यांचा पत्ताही नव्हता. पण त्यांच्या हातात जे यंत्र होतं, टीबी-३०३, त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. ज्याला मींड कानात बसलेली आहे, अशा माणसाला ती सोय दिसली की तो काय करणार? तेच केलं त्यांनी.

आता शास्त्रीयवाल्या मैत्रिणीकडे वळते, कारण तिचं म्हणणं नुसतं झटकून टाकण्यासारखं नाही. ती म्हणते, राग म्हणजे नुसते सात-आठ स्वर नाहीत. तोडीचा कोमल रिषभ आणि भैरवाचा कोमल रिषभ कीबोर्डवर एकच पट्टी आहे, गळ्यात मात्र तो एक नाही. तू मशीनवर घेशील तेव्हा ते बारीक अंतर मरणार. हे तिचं खरं आहे. मी भर घालते: ऑटोट्यूनसुद्धा हेच करतं. आजी दोन स्वरांच्या मधल्या जागेवर जाऊन थांबते, आणि सॉफ्टवेअर तिला ‘चुकली’ समजून जवळच्या पट्टीवर ढकलतं. अशा ओव्या मी ऐकल्यात रीलवर. काळजाला हात घालणारं गाणं लिफ्टमधल्या घोषणेसारखं वाटतं.

पण यात आरोपी कोण आहे ते नीट पाहा. खरखर नाही, इस्त्री आरोपी आहे. आणि आपल्या शास्त्रीय संगीताला खरखरीची ॲलर्जी आहे असं मला वाटत नाही. तानपुरा जवळून पाहिलाय का? घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा एक धागा असतो. तो धागा केसभर पुढेमागे सरकवून ‘जवारी’ लावतात. तार घोडीला हलकीशी घासते आणि त्यातून तो भरलेला झंकार येतो. धागा काढा, तार स्वच्छ वाजेल, आणि तानपुरा मरेल. मिरजेच्या ज्या कारागिरांच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्यांच्या कौशल्याचा मोठा भाग हाच आहे: तार घोडीला किती घासू द्यायची. म्हणजे दर मैफलीत आपले बुवा आणि ताई एका अतिशय विचारपूर्वक बनवलेल्या गुणगुणाटाच्या कुशीत बसून गातात. सिंथवाला डिस्टॉर्शनची कळ फिरवतो तेव्हा त्याच घराण्यातलं काम करतो, जरा रासवटपणे.

बंदीचा इतिहासही आपल्याकडे आहेच. ज्या पेटीशिवाय आज आपल्याला भजन, नाट्यगीत, कव्वाली सुचत नाही, त्या हार्मोनियमवर ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये बंदी घातली होती. कारण? परदेशी वाद्य, आपले स्वर त्यात बसत नाहीत. १९७१ मध्ये ती बंदी सैल झाली. आक्षेप चुकीचा नव्हता, पेटीत मींड निघत नाही हे आजही खरं आहे. तरी गाणाऱ्यांनी पेटीला जागा करून दिली, आणि पेटीवाल्यांनी गळ्याच्या मागे कसं चालायचं ते शिकून घेतलं. जळगावात दर वर्षी बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो. त्या बालगंधर्वांच्या मागे तर चक्क ऑर्गन वाजत असे, चर्चमधून आलेल्या जातीचा!

मैत्रिणीच्या बाजूने सगळ्यात मोठा साक्षीदार मात्र मीच देते: कुमार गंधर्व. सातपुडा ओलांडला की निमाड, त्याच्यापुढे माळवा. तिथे देवासला क्षयाच्या आजारात काही वर्षं गाणं बंद असताना ते पडून राहिले आणि आसपासच्या लोकांची गाणी ऐकत राहिले. पुढे त्या लोकधुनांमधून त्यांनी नवे राग उभे केले. काही लोकांनी तेव्हाही नाकं मुरडली होती. इथे शिकायचं ते हे, की त्यांनी आधी वर्षानुवर्षं ऐकलं. आपण काय करतो? यूट्यूबवरून तीस सेकंद कापतो, लूप करतो, खाली किक टाकतो, झालं. अशा ट्रॅकवर मैत्रीण चिडली तर मी तिच्या बाजूने आहे.

ओवीला बीटच्या चौकटीत बसवणं, हा यातला सगळ्यात वाईट आळस. संगीताच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एक ग्रिड असते आणि आवाज त्या रेषांवर ओढून बसवायचं बटन असतं. जात्याचा वेग कधीच त्या रेषांवर नसतो. मी दोन आठवडे आजीला ग्रिडवर बसवायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी ती रोबोट झाली. मग उलटं केलं. जात्याच्या प्रत्येक फेऱ्यावर खूण केली आणि मशीनची बीट त्या खुणांवर चालवली. दाणे संपत आले की माझा टेक्नोसुद्धा पळतो. तो आता कुठल्याही डीजेला मिक्स करता येणार नाही. नसू दे.

गुळगुळीत फ्यूजनवर माझा राग का, तेही सांगून टाकते. त्यात लोकगीत पाहुण्यासारखं येतं, चांगले कपडे घालून, बोली थोडी सुधारून. ‘ऱ्हायनू’चं ‘राहिलो’ होतं. घोगरा आवाज असलेल्या बाईच्या जागी शिकलेल्या गळ्याची गायिका येते. आपण ऐकतो आणि म्हणतो, किती गोड आहे ना आपली अहिराणी! मुलाखतीत मात्र तीच अहिराणी तोंडातून निसटली तर जीभ चावतो. मी चावलीय. पुण्यात एका इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूला ‘काय सांगू’च्या जागी भलतंच निघालं आणि समोरचे दोघं हसले. तेव्हापासून मला ‘गोड’ या शब्दाचा संशय येतो.

बहिणाबाईंचंच पाहा. आसोद्याची लेक, जळगावात नांदली. त्यांची बोली लेवा गणबोली, आमच्या अहिराणीपेक्षा वेगळी. जात्याला त्या घरोट म्हणत. लिहिता येत नव्हतं. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी गाणी टिपून ठेवली, आणि त्या गेल्यानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. शब्द वाचले, केवढे उपकार. पण त्यांच्या गाण्यांची चाल म्हणून आपल्या कानात जे आहे, ते बहुतेक सिनेमातलं आणि रेडिओवरचं. १९६१ च्या ‘मानिनी’त वसंत पवारांनी लावलेल्या चाली सुंदरच आहेत, तक्रार नाही. फक्त त्या घरोटाच्या नाहीत. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे. १९५१ च्या जळगावात कुणाकडे तो होता?

आता मुद्दा पैशांचा आणि नावाचा, ज्यावर आमच्या कट्ट्यावर सगळे एकदम गप्प होतात. १९९२ मध्ये डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीचं ‘स्वीट ललबाय’ जगभर गाजलं. त्यातलं अंगाईगीत सॉलोमन बेटांवरच्या आफुनाक्वा नावाच्या बाईने गायलेलं. संगीत अभ्यासक ह्यूगो झेम्प यांनी तिथे जाऊन ते रेकॉर्ड केलं होतं. गाणं जाहिरातींत वाजलं, लाखोंनी खपलं, आणि तिचं नाव कुठेच नाही. कहर म्हणजे, नंतर एका नॉर्वेजियन सॅक्सोफोनवाल्याने तीच चाल ‘पिग्मी ललबाय’ म्हणून वाजवली. सॉलोमन बेटं कुठे, आफ्रिका कुठे! बाईचं नाव गेलं, मग गाव गेलं, शेवटी खंडसुद्धा बदललं.

आपण हे करायचं नाही, आणि ते न करणं अजिबात अवघड नाही. ‘पारी’ या संस्थेकडे जात्यावरच्या ओव्यांचा एक लाखाहून मोठा साठा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून जमवलेला. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव असतं, गाव असतं, फोटो असतो. मुंबईच्या स्वदेशी या रॅप ग्रुपने २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, आरेच्या आदिवासींच्या जमिनीवरचं, जड बेसवर. त्यात गाणाऱ्या प्रकाश भोईर यांचं नाव गाण्याच्या नावालाच जोडलेलं आहे. आणि कायदाही आहे बरं का. लोकगीताचा कवी अज्ञात असला तरी गाणारी अज्ञात नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ खाली सादर करणाऱ्याचा स्वतःचा हक्क मानलाय, पन्नास वर्षांचा. तिच्या परवानगीशिवाय रेकॉर्डिंग करून विकता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाला आपलं नाव लागावं, हा हक्कही दिला. तुमच्या ट्रॅकमध्ये कुणाची मावशी गात असेल तर ती ‘ट्रॅडिशनल’ नाही. तिला नाव आहे, आडनाव आहे, आणि बहुतेक वेळा बँकेत खातंही आहे.

एक गैरसमज मात्र लगेच काढते, नाहीतर गणपतीत माझ्या नावाने डीजे लावाल. खरखरीत आवाज आणि मोठा आवाज या वेगळ्या गोष्टी आहेत. नॉइज संगीत हेडफोनमध्ये अगदी हळू लावलं तरी खरखरीतच राहतं. थाळीचा गुंजारव शेजारच्या घरातही जात नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती मोडणाऱ्या भिंतींचं, आणि खिडकीशी छातीत धडधड घेऊन बसलेल्या आजोबांचं समर्थन मी करत नाहीये.

तर करायचं काय? या श्रावणात घरी जाणार असाल तर जाण्याआधी रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये जा आणि नॉइज रिडक्शन, व्हॉइस एन्हान्स वगैरे जे असेल ते बंद करा. जमलं तर दोन फोन ठेवा, एक गाणारीकडे, एक जात्याकडे किंवा संबळाकडे. रेकॉर्ड करायच्या आधी विचारा. गाणं संपलं की लगेच, त्याच फाइलमध्ये, गाणारीला तिचं नाव, गाव आणि गाणं कुणाकडून शिकली ते बोलायला सांगा. ऑडॅसिटीसारखं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि आपल्या कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवा. मग कॉपीवर काय गोंधळ घालायचा तो घाला. फाडा, उलटं करा, दहापट हळू करा. जात्याची घरघर दहापट हळू केली की काय होतं ते मी सांगणार नाही, स्वतः करून बघा, लाईट बंद करून.

दिवाळीला मी माझा दोन मिनिटांचा ट्रॅक घरी लावला. हेडफोन नको, मोठ्या स्पीकरवर लाव, ही आजीची अट होती. चुलतभावाने स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं, मिक्सर बिघडला का? काका उठून अंगणात गेले. आजी मात्र शेवटपर्यंत बसली, मान हलवत, मधल्या एका जागी ओठ पुटपुटत. संपल्यावर म्हणाली, पुन्हा लाव, आणि जातं जरा वाढव, दबलंय.